आवाज फाटू नये म्हणून

आमच्या घरात माणसे दोन आणि भोंगे नऊ होते. चार मोठे, तीन लहान, आणि दोन असे की ज्यांचे आतले, आवाज काढणारे पडदे केव्हाच जळाले होते, पण बाबांच्याने ते टाकवत नव्हते. देवळीच्या बाजारओळीमागे आमच्या दोन खोल्या होत्या. तिथे हे भोंगे पलंगाखाली, कपाटावर, चुलीशेजारच्या फळीवर तोंड वर करून पडलेले असत. उन्हाळ्यात दुपारची झळ खिडकीतून आत आली की त्यांच्या पोटात वारा घुमे आणि मागच्या खोलीत कोणी आजारी माणूस हळू कण्हतो आहे असे वाटे. आई होती तोवर ती एका भोंग्यात मुगवड्यांचे गाठोडे ठेवी, तिथवर उंदीर चढत नाहीत म्हणून. मी नववीत असताना ती तापाने गेली. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी मी ते गाठोडे काढले तेव्हा वड्यांना बारीक कीड लागली होती. त्या मी कोंबड्यांना टाकल्या आणि बाबांना सांगितले नाही. आमच्या घरात न सांगण्याची सुरुवात तिथूनच झाली असावी.

बाबा माइकवाले. देवळीपासून समुद्रपूरपर्यंत त्यांना सगळे याच नावाने ओळखत. लग्न असो, सप्ताह असो, शाळेचे संमेलन असो, एस.टी.च्या टपावर माइकच्या सेटची पेटी आणि भोंगे बांधून ते निघत. शाळेला सुट्टी असली की मीही जाई. बारावी झाल्यावर तर रोजच. स्वयंपाक मी करीत असे: सकाळी भाकर आणि जवसाची चटणी, संध्याकाळी अंबाडीची भाजी किंवा नुसते बेसन, आणि ज्या दिवशी फार उदास वाटे त्या दिवशी गोळाभात, कारण तो करायला वेळ लागतो आणि वेळ तर भरपूर होता. बाबा पानात काय आहे ते न पाहता जेवत. जेवताना बोलायची त्यांना आधीपासून सवय नव्हती. आई बोले आणि आम्ही दोघे ऐकत असू. ती गेल्यावर ऐकणारेच तेवढे राहिले.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळायचे नाही. खेड्यात शेतीची लाइन सोडली की एकदम पन्नास मोटारी विहिरींवर सुरू होतात आणि घरातला दिवा पिवळा पडतो. दिवा पिवळा पडला तर माणूस तेवढ्यात भागवून घेतो, पण माइकच्या सेटचे तसे नसते. वीज उतरली की आवाज नुसता लहान झाला असता तर बरे झाले असते. तो लहान होत नाही, तो फाटतो. सेटला आवाज जेवढा उंच उचलता येतो ती उंची विजेच्या दाबावर ठरते. दाब उतरला की छत खाली येते आणि बोलणारा मात्र पूर्वीच्याच उंचीने चालत असतो. शब्दाचा वरचा भाग तिथे आपटून कापला जातो, आणि भोंग्यातून पत्रा फाडल्यासारखी खरखर बाहेर येते. बाबांची ख्याती होती ती यासाठी, की त्यांचा सेट कधी फाटत नसे. पेटीवर विजेचा दाब दाखवणारा एक काटा होता, पण ते काट्याकडे पाहत नसत. डोळे मिटून बसलेले असत, आणि आवाजाची कड थोडी खरवडली की त्यांचा हात आपोआप बटणावर जाई आणि आवाज तेवढाच खाली घेई. ऐकणाऱ्याला कळतही नसे. वीज परत आली की पुन्हा वर. एका भाषणात हे वीस-वीस वेळा होई. त्यांचा कान आणि हात यांच्यामध्ये जणू एक तार होती.

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात मी त्यांना विचारले. मला नागपूरला तंत्रनिकेतनात जायचे होते. रेडिओ आणि विजेचा अभ्यासक्रम होता, मुलींसाठी वसतिगृह होते, फॉर्म भरायला दहा दिवस होते. बाबा अंगणात वायर गुंडाळत बसले होते. मी त्यांच्या मागे, उंबऱ्यात उभी राहून सगळे एका दमात सांगून टाकले, कारण समोर जाऊन सांगायचा धीर नव्हता. ते वायर गुंडाळत राहिले. पूर्ण वेटोळे झाले, त्याला गाठ मारली, खुंटीला अडकवले, आणि पाणी प्यायला माझ्या अंगावरून आत गेले. मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशीही मी बोलले नाही. दहा दिवस असे गेले आणि मुदत संपली. नाही म्हटले असते तर मी भांडले असते. पण उत्तर द्यायच्यासुद्धा लायकीची आपण नाही, हे मला फार लागले. आईचे दागिने ठेवायची जी पत्र्याची पेटी होती तिच्यात मी माझी गुणपत्रिका घातली आणि वर कुलूप लावले. सतराव्या वर्षी माणूस असलेच काहीतरी करतो.

महिना-दीड महिन्याने, एका संध्याकाळी, मी नळावरून घागर भरून आले. बाबा रोजच्यासारखे रेडिओला कान लावून बातम्या ऐकत बसले होते. मी घागर खाली ठेवली आणि थबकले. रेडिओचा काटा स्टेशनवरून सरकला होता. आतून नुसती खरखर येत होती, एकही शब्द नाही, आणि बाबा बातम्या ऐकल्यासारखी अधूनमधून मान हलवत होते. मी हळूच म्हटले, "बाबा." मग थोडे मोठ्याने. मग मी सरळ ओरडले, तेव्हा त्यांनी वळून पाहिले आणि म्हणाले, "काय झालं? पानी नाई आलं का?"

तीस वर्षे भोंग्याखाली बसल्याने त्यांचे कान गेले होते. एकदम नव्हे, हळूहळू, आणि त्यांनी ते कोणाला कळू दिले नव्हते. गेल्या वर्षभरात त्यांच्या सेटबद्दल लोक कुरकुरू लागले होते, तेही मला तेव्हा जुळून आले. आवाज फाटतो, कान किटतात, एवढा मोठा कशाला लावता. त्यांना फाटलेले ऐकूच येत नव्हते. त्यांना फक्त एवढे कळे की आवाज कमी येतो आहे, आणि ते बटण वर नेत. आणि माझे नागपूर त्यांनी नाकारलेच नव्हते. त्यांना ते पोहोचलेच नव्हते. मी पुन्हा सांगू शकले असते. पुढच्या वर्षीही प्रवेश होताच. पण ज्या माणसाला आपण बहिरे झाल्याचे घरातल्या एकुलत्या एका माणसालाही सांगवत नाही, त्याला एकटे टाकून मी कोणत्या तोंडाने जाणार होते? मी रेडिओचा काटा स्टेशनवर आणून ठेवला आणि चूल पेटवली.

त्या पावसाळ्यानंतर समुद्रपूरकडच्या एका टोलीत सुनावणी होती. टोली म्हणजे पंधरा-वीस गोंड घरांची वस्ती. तिथल्या नाल्यावर तलाव बांधायचा घाटत होता, आणि कोणाची घरे पाण्याखाली जाणार, कोणाची नावे भरपाईच्या यादीत आहेत, हे विचारायला मोठे साहेब येणार होते. सेट आमचा. लोक एकेक करून माइकपाशी येऊन आपले म्हणणे सांगत आणि एक कारकून ते लिहून घेई. साहेबांचे टेबल बरेच लांब, शाळेच्या व्हरांड्यात, आणि लोक बाहेर चिंचेखाली. त्यामुळे जे माइकमधून ऐकू येईल तेच लिहिले जाई.

सोनाबाई नावाची एक म्हातारी उठली. लहानखुरी, डोक्यावर पदर, कपाळावर हिरवे गोंदण. तिचे घर वस्तीपासून सुटे, नाल्याच्या अगदी काठाला होते आणि यादीत ते धरलेच नव्हते. ती माइकशी आली आणि त्याच वेळी शेतीची लाइन सुटली. पेटीवरचा काटा खाली येताना मी पाहिला. म्हातारीने तोंड उघडले आणि भोंग्यातून खर्र, खर्र असे काहीतरी बाहेर पडले. बाबांनी बटण वर नेले. ते आणखी फाटले. पोरे हसली. सोनाबाईने दचकून भोंग्याकडे पाहिले, आपल्याच तोंडातून हे निघाले का म्हणून, आणि ती पुन्हा बोलू लागली, पुन्हा तेच. मी बाबांच्या हातावर हात ठेवला तर त्यांनी तो झटकला. कारकुनाने लेखणी खाली ठेवली. साहेब वाईट नव्हते. त्यांनी दोनदा विचारले, मग घड्याळ पाहिले आणि पुढच्या माणसाला बोलवायला सांगितले. म्हातारी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग माइकच्या दांडीला हात लावून, देवळात पायरीला लावतात तसा, ती निघून गेली. ती निघाल्यावर लोकांनी गलका केला, तेव्हा तीन आठवड्यांनी पुन्हा बसायचे ठरले. बाबांनी तर वायर गुंडाळताना मला विचारले, "चांगलं झालं ना आज?" मी मान हलवली.

वर्ध्याला स्टेशनच्या रस्त्यावर हकीमचाचांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. बाबांचा पहिला सेट त्यांनीच बांधला होता. मी सामान आणायचे निमित्त करून गेले आणि वीज उतरल्यावर आवाज फाटतो त्याला काय करावे म्हणून विचारले. मोठा ट्रान्सफॉर्मर लावावा का, बॅटरी लावावी का. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. पूर्वी तर असे होत नव्हते, मग आताच का, असे त्यांनी विचारले. मी खाली पाहत राहिले. त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. मग म्हणाले, "बेटा, तेरे बाबा का हाथ जो करता था, वही काम डब्बे के अंदर बिठा दे." आणि जुन्या पावतीच्या पाठीवर त्यांनी मला एक आकृती काढून दिली.

काम अगदी साधे होते. विजेचा दाब ठरलेल्या रेघेच्या खाली उतरला की एक बारका दिवा उजळायचा. त्या दिव्यासमोर उजेड ओळखणारा हरभऱ्याएवढा एक दाणा बसवायचा. दिवा जेवढा उजळेल तेवढा तो दाणा माइककडून आत येणारा आवाज कमी करील, म्हणजे सेटपाशी पोहोचेपर्यंत आवाज नव्या छताच्या उंचीला वाकलेला असेल. आवाज त्या छताला भिडू लागला की दिवा आणखी उजळेल, मग बटण कितीही वर न्या. वीज परतली की दिवा विझेल आणि आवाज उभा राहील. बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून दिवा आणि दाणा मी शाईपेनाच्या टोपणात, आतून काजळ फासून, कोंबले. माझ्या नातवाचा मुठीएवढा स्पीकर परवा मी उघडून पाहिला. त्याची बॅटरी उतरली की तो आपोआप हळू होतो पण फाटत नाही, आणि हे सगळे काम तिळाएवढ्या काळ्या तुकड्यात बसवलेले असते. मला त्या तुकड्याचा हेवा वाटला नाही. पण तेव्हा असता तर, असे एकदा मनात आले.

दुपारी बाबा भिंतीकडे तोंड करून झोपत, तेव्हा मी पेटी उघडून बसे. शेजारी पीठगिरणी होती. ती सुरू झाली की आमच्याकडची वीज उतरे, तेवढीच माझी परीक्षा. रेडिओ सेटला जोडून मी गिरणीची वाट पाहत बसायची. पट्टा फिरू लागे, काटा खाली येई, आणि आवाज फाटे. मी तारा सोडवून पुन्हा कथलाने झाळायची. पहिल्यांदा दिवा उशिरा लागे. मग एवढा लवकर लागे की आवाज चोरट्यासारखा आत-बाहेर करी. सहा-सात दिवस असे गेले. ज्या दुपारी ते जमले त्या दुपारी रेडिओवर कोणी बाई शेतकऱ्यांसाठी कपाशीवरच्या अळीची माहिती सांगत होती. गिरणी सुरू झाली, काटा उतरला, बाईचा आवाज हळू झाला, पण एकेक अक्षर सुटे आणि स्वच्छ. मी उठून उभी राहिले. सांगायला कोणी नव्हते. बाबा चार हातांवर झोपले होते, आणि जागे असते तरी त्यांना काय ऐकवणार होते? मी पेटीचे स्क्रू लावले, झाळताना जळलेल्या राळेचा वास जावा म्हणून दार उघडले, आणि चहा ठेवला.

टोलीतल्या दुसऱ्या सुनावणीला सोनाबाई येणार नाही असे लोक म्हणत होते. ती आली, पण शेवटच्या रांगेत बसली, आणि नाव पुकारल्यावर तिची सून तिला दंडाला धरून पुढे घेऊन आली. बारा वाजले होते. काटा उतरायला लागला. बाबांनी नेहमीप्रमाणे एक हात बटणावर आणि दुसरा पेटीच्या बाजूला टेकवला. हा दुसरा हात मी बरेच दिवस पाहत होते, पण तो कशाला ते मला त्या दिवशी कळले. पेटीतल्या लहान स्पीकरची थरथर ते तळहाताने ऐकत असत. म्हातारी बोलू लागली आणि आवाज हळू झाला. बाबांनी बटण वर नेले. आवाज वाढला नाही. त्यांनी आणखी नेले. तळहाताखालची थरथर जागची हलेना, तेव्हा त्यांनी पेटीकडे पाहिले, काट्याकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे.

मी मान खाली घातली. भोंग्यातून सोनाबाईचा आवाज येत होता, तिच्या स्वतःच्या आवाजाहून फार मोठा नाही. तो ऐकू यावा म्हणून लोक गप्प झाले होते. मागचे सरकून पुढे आले होते.

"यादीत मायं घर नाई म्हनतेत," ती म्हणाली. "घर हाय. चूल हाय. पाच लेकरं त्याच घरात झाले, दोन तिथंच मेले. तुमी येऊन पाहून घ्या ना साहेब. चार पावलावर तं हाय."

कारकुनाने लिहिले. साहेबांनी ते वाचून दाखवायला लावले आणि तिचा अंगठा घेतला. मग ते खरेच उठले आणि तिच्यामागोमाग नाल्याकडे चालत गेले. पुढे तलाव झाला, पण नाल्याच्या वरच्या अंगाला, लहानसा झाला, आणि नाल्याकाठची घरे राहिली. ते तिच्या बोलण्याने झाले की दुसऱ्या कशाने, मला सांगता येणार नाही. मी कधी विचारायला गेले नाही.

परतीच्या एस.टी.त बाबा खिडकीकडे बसले आणि देवळीपर्यंत बाहेर पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत असताना त्यांनी पेटी अंगणात नेऊन उघडली. मी आतून पाहत होते. पेनाचे टोपण त्यांना लगेच सापडले. त्यांनी ते बोटांनी चाचपले, त्याच्या तारा कुठून कुठे जातात ते शेवटपर्यंत पाहिले, एक झाळ नखाने दाबून पाहिली. मला वाटले ओढून काढतील. त्यांनी पेटी तशीच उघडी ठेवली आणि मला हाक मारली.

"हे तुनं बसवलं?"

मी मान हलवली.

"झाळ साफ हाय," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहत होते, ओठांकडे. "मले ऐकू येत नाई, हे तुले कवापासून मालूम हाय?"

मी बोटांनी दाखवले. चार महिने.

"अन् तू काही बोलली नाई."

"तुमीबी नाई बोलले," मी म्हटले. हे त्यांना कळले की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता आणि त्याला राळेचा वास येत होता. आत तव्यावर भाकर करपली होती, पण मी हलले नाही. शेवटी त्यांनीच हात काढला आणि म्हणाले, "उद्यापासून सेटवर तू बसजो. भोंगे मी बांधत जाईन. चढता येते मले अजून."

मी नागपूरला कधी गेले नाही. ते त्यांना सांगितलेही नाही. पोचले नव्हते ते न पोचलेलेच राहू दिले. पुढे बारा वर्षे, ते असेपर्यंत, आम्ही दोघांनी सेट चालवला, आणि मग मी एकटीने. लग्न उशिरा झाले, माणूस भला होता, तोही आता नाही. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या या घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी दोन-चार वाक्ये बोलत असेन, तीही बहुतेक फोनवर. एकटेपणाची मला तक्रार नाही. त्याची ओळख मला फार लवकर झाली, एवढेच.

पण मी सेटवर बसले त्या पहिल्या दिवसाचे सांगते. देवळीजवळच्याच एका गावात शाळेचे बक्षीस वाटप होते. सकाळची वेळ, मैदान भरत आलेले. मुलगी माइकचा सेट घेऊन आली म्हणून आधीच कुजबुज चालू होती. बाबा कमरेला दोरी बांधून निंबाच्या झाडावर चढले होते आणि वरच्या फांदीला भोंगा आवळत होते. मी तारा जोडल्या, काटा पाहिला, बटण हळूच वर नेले. मग मी माइक तोंडाशी धरला आणि म्हटले, "हॅलो."

माझा आवाज मैदानभर गेला, कौलांवरून, रस्त्यापलीकडच्या कपाशीवरून. इतका मोठा आणि इतका स्वच्छ की मीच दचकले. घरात एवढ्या वर्षांत मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. पोरे वळली, मास्तर वळले, हापशावरच्या बाया कमरेवर घागर घेऊन थांबल्या. सगळे मैदान माझ्याकडे पाहत होते. झाडावर, भोंग्याला अगदी चिकटून, बाबा माझ्याकडे पाठ करून गाठ मारत होते. त्यांनी ती गाठ पक्की केली, दोरीचे टोक दातांनी तोडले, आणि मग खाली पाहून, झाले का, असे हाताने विचारले.